तुर्कस्तानातील लिपिपालट : १९२८

तुर्कस्तानच्या इतिहासात १९२८ या सालाचे स्थान भाषाभ्यासकाने काळजीपूर्वक ठरवावयास हवे. त्या वर्षी एप्रिलमध्ये इस्लाम हा राज्यधर्म असल्याचे कलम राज्यघटनेतून वगळण्यात आले. मे महिन्यात आंतरराष्ट्रीय अंक स्वीकारले गेले. ९ ऑगस्टच्या रात्री इस्तंबूलच्या गुल्हाने उद्यानात मुस्तफा केमाल यांनी नव्या अक्षरांची घोषणा केली. आणि १ नोव्हेंबरला राष्ट्रसभेने लॅटिन वर्णमालेचा कायदा संमत केला. वृत्तपत्रे १ डिसेंबरपासून, तर पुस्तके १ जानेवारी १९२९ पासून नव्या लिपीतच छापावयाची होती.

या बदलाचे समर्थन बहुधा ध्वनिविचाराच्या आधारे केले जाते, आणि ते निराधार नाही. तुर्कीत स्वर आठ आहेत. अरबी लिपीत त्यांपैकी चार गोलोष्ठ स्वर 'वाव' या एकाच अक्षराने दाखविले जात. 'झाला' आणि 'मेला' या अर्थांच्या दोन क्रियारूपांत भेद स्वरांचा आहे : पहिल्यात पश्चस्वर, दुसऱ्यात अग्रस्वर. लेखनात मात्र ती दोन्ही एकच. भूतकाळाच्या प्रत्ययाचा स्वर धातूतील स्वरानुसार चार प्रकारे बदलतो. जुन्या लेखनात तो एकाच रूपात गोठलेला होता. म्हणजे स्वरसंवाद हा तुर्कीचा प्राणभूत नियमच लेखनात लुप्त होत असे. २९ अक्षरांच्या नव्या वर्णमालेने तो दृश्य केला.

तथापि लिपी सदोष होती म्हणून ती टाकली गेली, हे कारण पुरेसे वाटत नाही. आपल्या मोडीतही ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळला जात नसे. वाचक संदर्भाने निभावून नेई. शिवाय अरबी लिपीतच सुधारणा करण्याचा एक प्रयत्न एन्वर पाशा यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास सैन्यात करून पाहिला होता. १९२८ चे वैशिष्ट्य आहे ते वेगात. मंडळातील तज्ज्ञांनी संक्रमणासाठी काही वर्षांची मुदत सुचविली असता, हे तीन महिन्यांत होईल अथवा होणारच नाही, असे केमाल यांनी बजावल्याचे फालिह रिफ्की अताय यांनी नमूद केले आहे. वृत्तपत्रात अर्धा स्तंभ जुन्या लिपीत उरला तरी लोक तेवढाच वाचतील, ही त्यांची धास्ती. ती व्यवहारज्ञानाची होती, हे मान्य करावे लागते. १९२७ च्या गणनेत साक्षर सुमारे दशमांशच होते. जुने विसरावयास लागणारे लोक थोडे, नव्याने शिकणारे फार.

किंमत पुढील पिढीने दिली. पुण्याच्या पेशवे दप्तरासमोर मोडी न शिकता उभा राहणारा विद्यार्थी तिची कल्पना करू शकेल; पण आपल्याकडे बालबोध शेजारी नांदत होतीच. तुर्कस्तानात लिपीमागोमाग १९३२ पासून शब्दसंग्रहाचीही चाळणी सुरू झाली. केमाल यांनी ऑक्टोबर १९२७ मध्ये सहा दिवस केलेले विख्यात भाषण त्याच वर्षी अरबी लिपीत छापले गेले. १९३४ साली ते नव्या अक्षरांत निघाले, आणि १९६३ साली तुर्की वाचकांसाठीच त्याचे तुर्कीत भाषांतर करावे लागले.