युसेबिओ : दोन देशांचा खेळाडू

फुटबॉल म्हटले की पेलेचे नाव चटकन ओठांवर येते. त्याच पिढीतील युसेबिओचे नाव आपल्या विद्यार्थ्यांना तितकेसे परिचित नाही. वास्तविक त्याच्या कर्तृत्वाइतकाच त्याच्या लोकप्रियतेचा इतिहासही अभ्यासण्याजोगा आहे.

युसेबिओचा जन्म २५ जानेवारी १९४२ रोजी मोझांबिकमधील लोरेंसो मार्किस, म्हणजे आजच्या मापुतो, येथे झाला. गोव्याप्रमाणेच मोझांबिकही तेव्हा पोर्तुगीज अमलाखाली होते. वडील लहानपणीच वारले, आईने कष्टाने वाढवले. अनवाणी पोरे चिंध्यांच्या चेंडूने खेळत, त्यांतच हा तयार झाला. डिसेंबर १९६० मध्ये तो लिस्बनच्या बेनफिका संघाकडे आला. पुढे १९६२ च्या युरोपीय चषकाच्या अंतिम सामन्यात बेनफिकाने रेआल माद्रिदला ५-३ असे हरवले, त्यांत शेवटचे दोन गोल या वीस वर्षांच्या मुलाचे होते. १९६५ मध्ये तो युरोपातील सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला.

१९६६ च्या विश्वचषकात त्याने सर्वाधिक, म्हणजे ९ गोल केले. उत्तर कोरियाविरुद्ध पोर्तुगाल पहिल्या पंचवीस मिनिटांतच ०-३ असा मागे पडला होता. युसेबिओने एकट्याने चार गोल करून सामना फिरवला आणि पोर्तुगाल ५-३ असा जिंकला. उपांत्य सामन्यात इंग्लंडकडून १-२ अशी हार पत्करल्यावर तो मैदानावरून रडत बाहेर पडला.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मोझांबिकमध्ये १९६४ पासून स्वातंत्र्ययुद्ध पेटले होते. पोर्तुगीज सैन्य तेथे लढत असताना पोर्तुगालच्या विश्वचषक संघाचा कर्णधार कोलुना आणि सर्वश्रेष्ठ खेळाडू युसेबिओ, दोघेही मोझांबिकचेच सुपुत्र होते! आपल्या साम्राज्यात भेदभाव नाही, हे जगाला दाखवण्यासाठी लिस्बनच्या हुकूमशाही राजवटीला असे खेळाडू सोयीचेच होते. परंतु सामान्य प्रेक्षकाने त्याच्यावर प्रेम केले ते राजवटीच्या सांगण्यावरून नव्हे. म्हणूनच १९७४ मध्ये ती राजवट कोसळली आणि १९७५ मध्ये मोझांबिक स्वतंत्र झाले, तरी दोन्ही देशांनी त्याला आपलाच मानले.

या प्रेमामागे त्याची खिलाडूवृत्तीही होती. १९६८ च्या युरोपीय चषकाच्या अंतिम सामन्यात १-१ अशी बरोबरी असताना, अखेरच्या मिनिटांत त्याचा जोरकस फटका मँचेस्टर युनायटेडचा गोलरक्षक स्टेपनी याने अडवला. विजय हातचा गेला, तरी युसेबिओने तेथेच उभे राहून प्रतिस्पर्ध्यासाठी टाळ्या वाजवल्या. जादा वेळेत बेनफिका हरली, पण त्या टाळ्या लोक विसरले नाहीत.

गुडघ्याच्या वारंवार होणाऱ्या दुखापती सोसत तो १९७५ पर्यंत बेनफिकाकडून खेळला. या काळात त्या संघाने ११ वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. ५ जानेवारी २०१४ रोजी त्याचे निधन झाले, तेव्हा पोर्तुगालने तीन दिवस राष्ट्रीय दुखवटा पाळला. २०१५ मध्ये त्याचे अवशेष लिस्बनच्या राष्ट्रीय स्मारकमंदिरात नेण्यात आले. तेथे चिरविश्रांतीचा मान मिळालेला तो पहिला फुटबॉलपटू होय.

विक्रम आज ना उद्या मोडतात. प्रतिस्पर्ध्याच्या गुणाला दिलेली दाद मात्र कोणी मोडू शकत नाही, हे आपल्या महाविद्यालयीन खेळाडूंनी युसेबिओकडून अवश्य घ्यावे.