जुनी जीप घेताना



हौसेला मोल नाही असे म्हणतात. पण जीपच्या हौसेला मोल आहे. ते आधी मोजावे, मग हौस करावी.

आपल्याकडे डोंगराळ भागात पुष्कळांना वाटते, आपल्यालाही एक जीप असावी. सुगी झाली की पोरांना घेऊन घाटमाथ्यावर जावे. धरणाच्या काठी मुक्काम टाकावा, मासे धरावेत, चुलीवर भाकरी भाजावी. यात वाईट काही नाही. कष्टाच्या माणसालाही विरंगुळा हवा. पण नवी गाडी परवडत नाही. मग माणूस जुनी शोधतो. जुनी गाडी म्हणजे बाजारातला बैल. दात बघितल्याशिवाय दाव्याला हात लावू नये.

माझ्या चुलतभावाची गोष्ट

माझ्या चुलतभावाने कांद्याच्या पैशातून एक जुनी जीप घेतली. रंग नवा, टायर चकचकीत. विकणारा गोडबोल्या. भावाला वाचता येत नव्हते. गाडीच्या कागदावर कर्जाचा बोजा लिहिलेला होता, तो त्याला कळला नाही. सहा महिन्यांनी कर्ज देणाऱ्याची माणसे आली आणि दारातली गाडी घेऊन गेली. पैसेही गेले, गाडीही गेली.

मी त्याच गावात मास्तर होतो. कागद मला दाखवला असता तर एका मिनिटात सांगितले असते. पण भाऊ आला नाही. "मास्तर हसतील" म्हणून आला नाही, हे त्याने मला नंतर सांगितले. ते ऐकून मला फार वाईट वाटले. म्हणून हा धडा लिहितो आहे. तुम्हाला आता वाचता येते. कागद स्वतः वाचा.

चारही चाकांना जोर म्हणजे काय?

साध्या गाडीत इंजिनाचा जोर दोनच चाकांना मिळतो. बाकीची दोन चाके नुसती फिरतात. चिखलात जोराची चाके जागीच गरगर फिरतात आणि गाडी रुतते. बैलगाडी रुतली की आपण काय करतो? बैल पुढून ओढतात आणि चार माणसे मागून रेटतात. चारचाकी जोराच्या गाडीत तेच होते. तिला 'फोर बाय फोर' म्हणतात.

अशा जुन्या गाडीत गिअरच्या दांडीशेजारी बहुधा आणखी एक दांडी असते. ती टाकली की पुढच्या चाकांनाही जोर मिळतो. तिच्यातच एक हळू चालीचा गिअर असतो. त्यात वेग कमी होतो, पण जोर वाढतो. खडा चढ, दगडगोटे, ओली उतरण यांसाठी तो असतो.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. ही दांडी डांबरी रस्त्यावर टाकायची नाही. वळण घेताना पुढची चाके मोठ्या घेऱ्यातून जातात, मागची लहान घेऱ्यातून. मातीत चाक थोडे घसरते, म्हणून भागते. डांबरावर ते घसरत नाही. मग सगळा ताण आतल्या दात्यांवर येतो आणि ते मोडतात.

नावावर जाऊ नका

आपण उघड्या गाडीला सरसकट जीप म्हणतो. महिंद्र कंपनीने मुंबईत विलिस जीप जोडायला सुरुवात केली, तेव्हापासून हे नाव आपल्या तोंडी बसले. पण प्रत्येक जीपच्या चारही चाकांना जोर असतोच असे नाही. गावोगावच्या बोलेरो बहुतेक दोनच चाकांच्या जोरावर चालतात. २०१० साली आलेली थार दोन्ही प्रकारांत मिळत असे. २०२० साली आलेल्या नव्या थारमध्येही २०२३ पासून दोन चाकांच्या जोराची गाडी निघाली. मारुतीची जिप्सी १९८५ साली आली. ती हलकी, पेट्रोलवर चालणारी आणि चारही चाकांच्या जोराची. आता ती नवी मिळत नाही, जुनीच घ्यावी लागते. महिंद्रची जुनी डिझेल जीप जड आहे, पण तिचे काम तालुक्याच्या मिस्त्रीला येते. आपल्या तालुक्यात जिचे सामान आणि मिस्त्री मिळतो, तीच गाडी आपली.

खात्री कशी करावी? खाली वाकून बघा. मागच्या दोन चाकांच्या मध्ये भोपळ्यासारखा लोखंडी फुगवटा असतो. तसाच पुढच्या चाकांच्या मध्येही हवा. मग गाडी मऊ मातीत न्या. काही गाड्यांत पुढच्या चाकाच्या मधोमध फिरकी असते, ती आधी हाताने फिरवून लावावी लागते. दांडी टाका आणि गाडी हलवा. एकाने बाजूला उभे राहून बघावे. पुढची चाकेही माती उकरत असतील तर खरे. नुसती दांडी असून भागत नाही. कित्येक गाड्यांत आतले दाते काढून टाकलेले असतात.

गाडी कशी तपासावी?

सकाळी जा. विकणाऱ्याला सांगा, इंजिन आधी चालू करून ठेवू नको. थंड इंजिन लगेच चालू झाले तर चांगले.

धूर बघा. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. डिझेल गाडीचा सतत दाट काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल तर गाडी सोडा. रेडिएटरचे झाकण इंजिन थंड असतानाच उघडा. पाण्यावर तेलाचा तवंग दिसला तर खर्च मोठा आहे.

सर्वांत महत्त्वाची चेसी. तो गाडीचा कणा आहे. इंजिन दुरुस्त होते, चेसी गंजली की गाडी संपली. खाली सतरंजी टाकून आडवे व्हा आणि विजेरीने बघा. लहान हातोडीने ठोका. आवाज खणखणीत यावा. भसका आवाज आला तर आतून गंज आहे. जागोजागी वेल्डिंग किंवा ताजा काळा रंग दिसला तर विचारा, हा कशासाठी? समुद्रकाठची गाडी दुप्पट काळजीने बघा. खाऱ्या हवेने पत्रा लवकर खातो.

शंभर-दोनशे रुपये वाचवू नका. ओळखीचा मिस्त्री बरोबर न्या.

कागद

कागद म्हणजे गाडीचा सातबारा. या गोष्टी बघा:

१. नोंदणीच्या कागदावरचा चेसी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबराशी अक्षरन् अक्षर जुळवा.
२. बोजा आहे का ते वाचा. असेल तर कर्ज फिटल्याचा दाखला मागा आणि कागदावरून बोजा उतरल्यावरच व्यवहार करा. सरकारी 'एम-परिवहन' ॲपवरही गाडीची माहिती दिसते.
३. खाजगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी होऊन ती ५ वर्षांसाठी वाढते. तारीख बघा.
४. परराज्यातली गाडी स्वस्त दिसते. पण तिथल्या आरटीओचा ना हरकत दाखला लागतो आणि इथला कर भरावा लागतो. तो किमतीत धरा.
५. चेसी कापून किंवा भलते इंजिन बसवून केलेली गाडी घेऊ नका. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने असा बदल चालत नाही.
६. गाडी आपल्या नावावर करून घ्या आणि विमाही आपल्या नावावर करा. नुसत्या स्टॅम्पपेपरवर विसंबू नका.

पैशाचा हिशेब

जवळ ४ लाख असतील तर ३ लाखांचीच गाडी बघा. उरलेले टायर, बॅटरी, ब्रेक, पाटे आणि विमा खातात. जुनी गाडी घेतल्यावर पहिल्या वर्षी खर्च निघतोच. शेत गहाण टाकून हौसेची गाडी कधी घेऊ नये. ती दूध देत नाही.

पाहुणे फिरवून भाडे मिळवीन, असे कुणी म्हणेल. पांढऱ्या पाटीच्या गाडीने भाडे मारता येत नाही. त्याला वेगळा परवाना लागतो.

गाडी आली, आता जपून

चारही चाकांना जोर आहे म्हणून पुराच्या पाण्यात गाडी घालू नका. पाणी गाडीला उचलते. चाक जमिनीला टेकलेच नाही तर जोर कशाला लावणार? पाणी ओसरेपर्यंत अलीकडे थांबा. राखीव जंगलात परवानगीशिवाय जाऊ नका. पठारावरच्या फुलांवरून आणि दुसऱ्याच्या पेरलेल्या रानातून चाके नेऊ नका. एकटे जाऊ नका. दोर, फावडे, पाणी बरोबर ठेवा.

माझा भाऊ आता साक्षरता वर्गाला येतो. परवा शेजाऱ्याने जुना ट्रॅक्टर बघितला, तेव्हा कागद भावाने वाचला. बोट ठेवून, सावकाश वाचला. शेवटच्या ओळीत बोजा सापडला. शेजाऱ्याचे पैसे वाचले.

तुम्हीही असेच करा. आधी कागद वाचा, मग चेसी बघा, आणि रंग सगळ्यांत शेवटी.