सरकीच्या तेलाच्या डब्यावर काय लिहायचे?

ताटातले विज्ञान : लेखांक ६

जनुक बदललेल्या बीटी वांग्याला ९ फेब्रुवारी २०१० रोजी पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी स्थगिती दिली, इथवर आपण मागच्या आठवड्यात आलो होतो. त्याआधी देशातल्या सात शहरांत त्यांनी जनसुनावण्या घेतल्या. त्यातली एक नागपूरची. वांगे तेव्हा अडले ते आजही अडलेलेच आहे. पण जनुक बदललेले एक पीक नागपूरजवळच्या आपल्या कामठीच्या स्वयंपाकघरात त्याच्या कितीतरी आधी पोचले होते आणि त्यासाठी तशी सुनावणी कुठे झाली नव्हती. ते पीक म्हणजे आपली पऱ्हाटी, अर्थात कापूस.

बीटी कापसाला मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली. चर्चा झाली ती बोंडअळीची, फवारणीच्या खर्चाची, बियाण्याच्या भावाची. कापूस खातो कोण, असेच सगळे धरून चालले. खरे तर क्विंटलभर कापसातून साधारण ३५ किलो रुई निघते. उरते ती बहुतेक सरकीच. सरकीचे तेल निघते, ते रिफाइन होऊन फरसाणात आणि मिश्र खाद्यतेलात जाते. मागे राहिलेली ढेप म्हशीच्या गव्हाणीत पडते आणि तिचे दूध आपल्या चहात येते. आज देशातला नव्वद टक्क्यांहून अधिक कापूस बीटी आहे. म्हणजे सरकीचे तेलही जवळजवळ सगळे त्याचेच.

ते खाऊन अपाय होतो का? बीटी जनुकामुळे झाडात जे प्रथिन तयार होते, ते अळीच्या अल्कधर्मी आतड्यात विरघळते, तिथल्या ठरावीक ग्राहींना चिकटते आणि आतड्याला भोके पाडते. माणसाच्या पोटात आम्ल असते, ते ग्राहीही नसतात. तिथे हे प्रथिन इतर प्रथिनांसारखे पचते. शिवाय तेल म्हणजे स्निग्धांश. रिफाइन करताना प्रथिन जवळपास सगळे निघून जाते. सरकीतले खरे विष म्हणजे गॉसिपॉल, आणि ते देशी कापसातही असते. तेही शुद्धीकरणातच निघते. त्यामुळे बीटी सरकीच्या रिफाइंड तेलाची भीती बाळगावी, असे मला वाटत नाही.

मात्र एका जनुकाचा निकाल दुसऱ्याला लावता येत नाही. १९९०च्या दशकात सोयाबीनमध्ये ब्राझील नटचे जनुक घातले गेले. त्या नटाची ॲलर्जी सोयाबीनमध्येही उतरल्याचे चाचणीत दिसले आणि ते वाण बाजारात येण्याआधीच सोडून द्यावे लागले. तपासणी असली की असे धोके सापडतात. म्हणूनच विदर्भातल्या चोरबीटीची मला जास्त काळजी वाटते. तणनाशकाला दाद न देणाऱ्या या कापसाला देशात परवानगी नाही. तरी त्याचे बियाणे वर्षानुवर्षे विकले जाते. २०१९ मध्ये अकोट तालुक्यातल्या अकोली जहागीर इथे शेतकरी संघटनेने ते उघडपणे लावून आंदोलन केले. शेतकऱ्याला निंदणीची मजुरी परवडत नाही, हे त्यांचे दुखणे खरे आहे. पण त्या पऱ्हाटीची सरकी वेगळ्या घाण्यात जात नाही. परवानगीच्या आणि बिनपरवानगीच्या सरकीचे तेल एकाच टाकीत उतरते.

आता डब्याकडे येऊ. १ जानेवारी २०१३ पासून नियम आहे की जनुक बदललेले अन्न असलेल्या पाकिटावर, दर्शनी भागात वरच्या बाजूला ‘जीएम’ असे छापले पाहिजे. कामठीच्या कोणत्याही किराणा दुकानात जाऊन सरकी तेलाची पाकिटे उलटून पाहा. मला तरी तो शिक्का आजवर दिसलेला नाही. सुट्या तेलाला तर पाकीटच नाही. अडचण अशी की तेलात जनुकही उरत नाही आणि प्रथिनही, मग प्रयोगशाळा पकडणार काय? यावर जगात दोन वाटा आहेत. अमेरिकेत शुद्ध केलेल्या तेलात जनुकीय अंश सापडत नसेल तर सूट मिळते. युरोपीय संघात तेल कोणत्या पिकापासून निघाले ते बघतात. अंश सापडो न सापडो, लिहावे लागतेच, आणि त्यासाठी शेतापासून दुकानापर्यंतची कागदपत्रे ठेवावी लागतात. मला युरोपची वाट पटते. ग्राहकाला आपण काय खातो ते कळण्याचा हक्क आहे. धोका सिद्ध झाल्यावरच तो मिळावा, असे कशाला?

आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये मसुदा काढला, एक टक्का किंवा अधिक अंश असेल तर तसे छापावे असा. जुलै २०२४ मध्ये जीएम मोहरीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे मोहरीवर मतभेद झाले, पण आयात जीएम अन्नाच्या, विशेषतः खाद्यतेलाच्या बाबतीत, लेबलचा कायदा पाळा, असे न्यायालयाने सरकारला बजावले.

या आयात तेलाचा आपल्या शिवाराशी थेट संबंध आहे. अर्जेंटिना आणि ब्राझीलहून येणारे सोयाबीन तेल बहुतांश जीएम सोयाबीनचे असते. विदर्भातला शेतकरी पिकवतो ते सोयाबीन जीएम नाही, कारण आपल्याकडे जीएम सोयाबीनला परवानगीच नाही. दुकानाच्या फळीवर मात्र दोन्ही तेले शेजारी उभी राहतात, दोन्हींवर सारखेच ‘सोयाबीन तेल’ छापलेले. बिनजीएम मालाला जगात वेगळे गिऱ्हाईक आहे. आपल्याच बाजारात मात्र त्या शेतकऱ्याला ही ओळख मिळत नाही आणि तिचा भावही मिळत नाही.

डब्यावर नीट छापले जाईपर्यंत ग्राहकाला एक करता येते. फरसाणाच्या किंवा वेफर्सच्या पाकिटावरच्या घटकांच्या यादीत तेलाचे नाव शोधा. ‘कॉटनसीड ऑइल’ असेल तर ते बीटी कापसाचे आहे असे समजायला हरकत नाही, वर ‘जीएम’ छापलेले असो वा नसो.