खडीची भुकटी आणि काळी काच

बीड जिल्ह्यात खडी क्रशर दुरूनच ओळखू येतो. बांधावरच्या बाभळी आणि कधी कधी उभे पीकसुद्धा राखाडी झालेले असते. खडी विकली जाते, भुकटीचे ढीग मात्र उरतात. शिक्षक मित्र आम्हांला विचारतात, ‘काच वाळूपासून होते, मग या भुकटीपासून का होऊ नये?’

होते, पण खिडकीची नाही. बीडचा काळा दगड म्हणजे बेसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. अंबाजोगाईची हत्तीखाना लेणी यातच कोरली आहेत. खिडकीच्या काचेत सिलिका ७२ टक्क्यांच्या आसपास असते, बेसाल्टमध्ये ५०. शिवाय लोहाची ऑक्साइडे १२ ते १४ टक्के. काचेत ०.१ टक्का लोह असले तरी हिरवी झाक येते. इथे तर काच काळीच होणार. कोरड्या भुकटीतून कागदात गुंडाळलेला लोहचुंबक फिरवून पाहा. चिकटून आलेल्या काळ्या कणांत मॅग्नेटाइट असते.

दुसरी अडचण स्फटिकांची. वितळलेल्या सिलिकेचे जाळे दाट असते. रस निवताना अणूंना शिस्तीत बसायला सवड मिळत नाही आणि काच होते. बेसाल्टमधील चुना, मॅग्नेशिया व लोह हे जाळे जागोजागी तोडतात. रस पातळ राहतो, स्फटिक चटकन धरतात. म्हणून तर लाव्ह्याचे जाड थर सावकाश निवून दगड झाले. जिथे लाव्हा एकदम निवला तिथेच काचेची साल उरली.

वर्गात हे साखरेने दाखवता येते. पाक गोळीबंदच्याही पुढे जाऊ द्या, लिंबाचे चार थेंब टाका आणि तेल लावलेल्या थंड ताटलीत ओता (ओतण्याचे काम शिक्षकांनीच करावे, पाक फार भाजतो). पारदर्शक, ठिसूळ चकती मिळते. ही साखरेची काच. सैल पाकात दिवसेंदिवस खडे धरू दिले, तर खडीसाखर.

कारखान्यात दोन्ही वाटा वापरतात. सुमारे १४०० ते १५०० अंश सेल्सिअसचा रस प्लॅटिनम-ऱ्होडियमच्या बारीक छिद्रांतून खेचला, की केसाहून बारीक तंतू क्षणात निवतो आणि काच म्हणूनच राहतो. उलट ओतीव बेसाल्ट मुद्दाम सावकाश निववून स्फटिकमय करतात. तो अतिशय झिजरोधक असतो. औष्णिक वीजकेंद्रांत राख मिसळलेले पाणी नळ पोखरते, तिथे त्याचे अस्तर देतात. परळीच्या विद्यार्थ्यांना राखेची ही ताकद वेगळी सांगायला नको.

मग सगळे ढीग भट्टीत घालावेत काय? आमचे मत तसे नाही. लोहामुळे रस उष्णतेचे किरण वरच्या थरातच शोषतो, तळापर्यंत ऊब पोचत नाही. म्हणून भट्टी उथळ ठेवावी लागते. इंधनही भरपूर जळते. त्यात एका खाणीचा दगड दुसरीसारखा नसतो आणि तंतूंना घटकांचे प्रमाण एकसारखे लागते. तेव्हा बरीचशी भुकटी धुऊन, चाळून काँक्रीटमध्ये वाळूच्या जागी वापरणेच स्वस्त. तेवढीच गोदावरी आणि सिंदफणेच्या पात्रातली वाळू वाचेल. काचेसाठी एखाद्या खाणीचा पारखलेला दगड पुरे.