अंदाज चुकला तर? विज्ञान आणि छद्मविज्ञान ओळखायची कसोटी

अक्षय्य तृतीया आली की वऱ्हाडातल्या शेतकऱ्यांचे कान बुलडाणा जिल्ह्यातल्या भेंडवळकडे लागतात. तिथं संध्याकाळी शेतात घट मांडतात. गोलाकार 18 प्रकारची धान्यं, मधोमध पाण्याची घागर, पान-सुपारी, पापड, करंजी. सकाळी त्यात काय हललं ते पाहून पाऊस-पाणी सांगतात. अकोला-अमरावतीच्या आपल्या शेतकरी घरांतही त्याची चर्चा होतेच.

हवामान खातंही एप्रिलमध्ये पावसाळ्याचा अंदाज देतं. चुकतात दोघंही. मग एकाला विज्ञान म्हणायचं आणि दुसऱ्याला नाही, असं का?

कार्ल पॉपर या तत्त्वज्ञानं 1934 च्या आपल्या पुस्तकात याचं उत्तर दिलं. विज्ञानाचं विधान असं हवं, की ते खोटं ठरू शकेल. काय घडलं तर आपण चुकलो, हे आधीच ठरलेलं असावं.

2002 चं उदाहरण घ्या. खात्यानं सरासरीच्या 101 टक्के पाऊस सांगितला, पडला 81 टक्के. देशभर दुष्काळ. अंदाज आकड्यात होता, म्हणून चूक लपली नाही. 2003 मध्ये खात्यानं अंदाजाची पद्धतच बदलली. उलट ‘पीक मोघम’, ‘पाऊस कुठे कमी, कुठे जास्त’ असं भाकीत खोटं ठरणार तरी कसं? आणि जे खोटं ठरत नाही, ते सुधारतही नाही.

अर्थात एका चुकीनं कुणी सिद्धांत फेकून देत नाही, हे थॉमस कून यांनी दाखवलं. म्हणून चुकीतून शिकण्याची तयारी आहे का, हेही पाहावं लागतं.

2008 मध्ये खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी पुण्यात ज्योतिषाला हीच कसोटी लावली. हुशार मुलं आणि बौद्धिक अक्षमता असलेली मुलं, अशा 200 जणांच्या पत्रिका जमवल्या. 27 ज्योतिषांनी प्रत्येकी 40 पत्रिका पाहून कोणती कुणाची ते सांगितलं. सरासरी 46 टक्के बरोबर! नाणं उडवलं असतं तरी 50 टक्के आलं असतं. हजार वर्षांपूर्वी इब्न सीना यांनीही फलज्योतिषाच्या विरोधात ग्रंथ लिहिला होता.

जे विज्ञान नाही ते सगळं खोटं, असं मात्र नाही. दुआ, शायरी, रीतिरिवाज विज्ञान असल्याचा दावा करत नाहीत. छद्मविज्ञान म्हणजे विज्ञानाचा शेरवानी-कुर्ता घालून आलेला बहुरूपी.

म्हणून ‘शुगर मुळापासून बरी करतो’ म्हणणारा दारात आला, की त्याला तीन गोष्टी विचारा. किती दिवसांत, किती फरक पडेल? नाही पडला तर औषध चुकलं असं मानणार, की ‘पथ्य पाळलं नाही’ म्हणणार? तपासणी दुसऱ्या कुणी केली आहे का? उत्तर येईपर्यंत अम्मी-अब्बांच्या गोळ्या बंद करू नका.

आणि पेरणीचं म्हणाल, तर 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय घाई करू नका, असं कृषितज्ज्ञ सांगतात. पाऊस मोजता येतो. दुबार पेरणीचा खर्च मात्र आपल्यालाच सोसावा लागतो.