घरच्या मांजराचा मधुमेह : ओळख, उपचार आणि घरातील दक्षता

शेतकऱ्याच्या घरात धान्य आले की त्यामागोमाग उंदीर येतात आणि उंदरांमागोमाग मांजर येते. कणगी, पोती, पेंडीची खोली आणि राखून ठेवलेले बियाणे यांची राखण हे जनावर बिनबोभाट करीत असते. गाय, म्हैस किंवा बैल आजारी पडला की घरातील सर्व माणसे जागी होतात. मांजराच्या आजाराकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ते खंगत जाते, एके दिवशी दिसेनासे होते आणि 'म्हातारे झाले होते' एवढ्यावर विषय संपतो. अशा खंगण्यामागे उपचार करता येण्याजोगा आजार असू शकतो. मधुमेह हा त्यांपैकी एक होय.

आजाराचे स्वरूप

खाल्लेल्या अन्नातून निर्माण होणारी साखर रक्तातून शरीरभर जाते. ती पेशींत शिरावी याकरिता स्वादुपिंडातून इन्सुलिन नावाचा द्रव पाझरतो. हा द्रव कमी पडला, अथवा शरीर त्याला दाद देईनासे झाले, म्हणजे साखर रक्तातच साचते आणि मर्यादेबाहेर गेल्यावर लघवीवाटे बाहेर पडू लागते. साखरेबरोबर पाणीही जाते, म्हणून तहान वाढते. अन्न पोटात जाऊनही शरीर उपाशी राहते, म्हणून भूक वाढते आणि वजन मात्र घटते.

माणसाच्या प्रौढ वयातील मधुमेहाशी मांजराच्या मधुमेहाचे पुष्कळ साम्य आहे. मध्यम व उतारवयातील, लठ्ठ, घरातच बसून राहणाऱ्या मांजरांत तो अधिक आढळतो. माद्यांपेक्षा खच्ची केलेल्या बोक्यांना त्याचा धोका जास्त असतो. खाज किंवा दमा यांसाठी स्टेरॉईड औषधे दीर्घकाळ दिल्यानेही तो उद्भवू शकतो.

कॅनडातील टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी 1921 साली कुत्र्यांवर प्रयोग करून इन्सुलिन वेगळे काढण्यात यश मिळविले आणि 1922 च्या जानेवारीत ते प्रथम एका मुलाला टोचण्यात आले. तोपर्यंत अशा रुग्णांना जवळजवळ आशाच नसे. माणसासाठी शोधलेले हेच औषध आज मांजराचेही प्राण वाचविते. परंतु ते घरातील माणसांनी रोज व्यवस्थितपणे द्यावे लागते.

एका घराचे उदाहरण

विषय नीट समजावा म्हणून एक घर डोळ्यांसमोर आणावे. घरात आजी-आजोबा, मुलगा, सून व शाळेत जाणारा नातू आहे. दहा वर्षांचा एक बोका आहे. त्याला लहानपणापासून दूधभात व दुधात कुस्करलेली पोळी मिळत आली आहे. लसीकरणासाठी गोठ्यात आलेल्या पशुधन पर्यवेक्षकाला आजी म्हणतात, "दादा, हा बोका हल्ली उंदरामागे धावत नाही. उडी मारायला गेला की घसरतो. जनावरांच्या हौदावर मात्र दिवसभर पाणी पीत बसतो."

"आजी, खाणं कमी झालंय का?"

"उलट वाढलंय. तरी पाठीची हाडं लागतात हाताला."

या दोन वाक्यांत आजाराचे बहुतेक चित्र आले आहे. फार तहान, फार लघवी, वाढलेली भूक आणि घटते वजन ही चार मुख्य लक्षणे होत. आजार जुना झाला की मज्जातंतू दुबळे होतात आणि काही मांजरे मागचे पाय टाचेपर्यंत जमिनीला टेकवून चालू लागतात. उडी चुकण्याचे कारण बहुधा हेच असते. लघवीच्या जागी मुंग्या लागणे ही खूण जुनी आहे. तथापि मुंग्या आल्या म्हणजे मधुमेहच, किंवा आल्या नाहीत म्हणजे मधुमेह नाही, असे समजू नये. मूत्रपिंडाच्या आजारातही तहान वाढते. म्हणून निदान दवाखान्यातच झाले पाहिजे.

निदानाच्या वेळी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पिशवीत घालून, मोटारसायकलवरून आणलेले मांजर घाबरलेले असते, आणि केवळ भीतीनेही मांजराच्या रक्तातील साखर बरीच चढते. त्यामुळे रक्ताच्या एकाच तपासणीवर अवलंबून न राहता पशुवैद्यक लघवीतील साखरही पाहतात, अथवा मागील एक-दोन आठवड्यांतील साखरेचा अंदाज देणारी फ्रुक्टोसामिन ही तपासणी करवून घेतात. मालकाने घरी पाहिलेली लक्षणे तारखेसह सांगितल्यास निदानास मोठी मदत होते.

आहार

मांजर हा मुळात मांसाहारी प्राणी आहे. त्याचे नैसर्गिक अन्न म्हणजे उंदीर, आणि उंदरात प्रथिने व चरबी भरपूर असून पिष्टमय भाग अत्यल्प असतो. भात, पोळी, भाकरी यांतील पिष्ट पचवून त्याची साखर सामावून घेण्याची मांजराची शक्ती मर्यादित आहे. गोड चवही त्याला कळत नाही. दुधातही साखर असते, आणि अनेक प्रौढ मांजरांना ती पचत नाही. यास्तव मधुमेही मांजराला दूधभात देणे बंद करून प्रथिनयुक्त अन्न द्यावे. उकडलेली कोंबडी, काटे काढलेली मासळी व उकडलेले अंडे हे पदार्थ चालतात. मात्र निव्वळ मांसावर ठेवल्यास चुना कमी पडतो. टॉरिन हे द्रव्यही मांजराला अन्नातूनच मिळावे लागते व ते वनस्पतीजन्य अन्नात नसते. म्हणून घरचे अन्न देणाऱ्यांनी कोणती पूरके द्यावीत हे पशुवैद्यकाकडून लिहून घ्यावे. बाजारातील तयार अन्न घेणे झाल्यास कोरड्या दाण्यांपेक्षा ओल्या अन्नात पिष्ट सहसा कमी असते. शाकाहारी कुटुंबांना हाच मार्ग सोयीचा पडतो.

कालवण किंवा मसाल्याचा रस्सा मुळीच देऊ नये. कांदा व लसूण मांजराच्या रक्तपेशी नष्ट करतात. लठ्ठ मांजराचे वजन हळूहळू उतरवावे, त्याला उपाशी ठेवू नये. काही दिवसांच्या उपासाने यकृतात चरबी साचून ते दगावू शकते. पाणी तर कधीच तोडू नये. तहान हे आजाराचे लक्षण आहे, त्याचे कारण नव्हे.

इन्सुलिन सुरू असलेल्या मांजराचा आहार मालकाने परस्पर बदलू नये. पिष्ट कमी केले की इन्सुलिनची गरजही घटते. जुनीच मात्रा चालू राहिली तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. म्हणून बदल पशुवैद्यकाला सांगूनच करावा.

इन्सुलिन टोचणे

बहुतेक मांजरांना बारा-बारा तासांच्या अंतराने दिवसातून दोनदा इन्सुलिन लागते. शेतकरी कुटुंबास सकाळ-संध्याकाळच्या धारेची वेळ यासाठी सोयीची आहे. प्रथम खाणे द्यावे. मांजर खाऊ लागले की खांद्यामागील किंवा कुशीवरील कातडी चिमटीत उचलून त्या घडीत बारीक सुई अलगद घालावी. सुई इतकी बारीक असते की पुष्कळ मांजरे खाणेही थांबवीत नाहीत. मांजराने खाल्लेच नाही किंवा ओकून टाकले, तर नेहमीची मात्रा न टोचता पशुवैद्यकाला विचारावे. टोचताना हालचाल होऊन औषध आत गेले की बाहेर सांडले अशी शंका आल्यास पुन्हा टोचू नये. एखादी मात्रा चुकल्याने सहसा मोठी हानी होत नाही, पण दुप्पट मात्रा जीव घेऊ शकते.

सर्वांत मोठी चूक सिरिंजच्या निवडीत होते. उदाहरणातील घरात आजोबांनाही मधुमेह आहे. त्यांचे कुपीतील इन्सुलिन दर मिलिलिटरला 40 युनिट शक्तीचे असून त्यासाठी लाल टोपीच्या सिरिंज घरात आहेत. पशुवैद्यकाने बोक्यासाठी ग्लार्जिन लिहून दिले. त्याची शक्ती दर मिलिलिटरला 100 युनिट असते व त्याला नारिंगी टोपीची सिरिंज लागते. नवीन सिरिंज आणण्याचे राहून गेले म्हणून सून आजोबांचीच सिरिंज हाती घेते. पर्यवेक्षक त्याच वेळी दारात येतो आणि म्हणतो, "वहिनी, थांबा. आधी कुपीवरचा आकडा वाचा, मग सिरिंजवरचा."

हिशेब सोपा आहे. 40 च्या सिरिंजवरील एका खुणेत एका मिलिलिटरचा चाळिसावा भाग मावतो. तेवढ्या जागेत 100 शक्तीचे औषध भरले तर ते अडीच युनिट होते. म्हणजे दोन खुणा भरल्यास दोनऐवजी पाच युनिट मांजराच्या अंगात जातील. चारपाच किलो वजनाच्या जनावराला हा फरक प्राणघातक ठरू शकतो. उलट चूक झाल्यास मात्रा दोन-पंचमांशच पडते व उपचार फुकट जातो. म्हणून कुपीवरील आकडा आणि सिरिंजवरील आकडा एकच असल्याखेरीज औषध भरू नये. माणसाचे व मांजराचे औषध, तसेच त्यांच्या सिरिंज, वेगवेगळ्या डब्यांत नाव लिहून ठेवाव्यात.

इन्सुलिन शीतपेटीत ठेवावे, परंतु बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये. एकदा गोठलेले औषध निरुपयोगी होते. उन्हात किंवा चुलीजवळच्या फळीवर ठेवल्यानेही ते बिघडते. दुधाळ दिसणारे इन्सुलिन भरण्यापूर्वी कुपी तळहातांत हलकेच फिरवावी. मूळचे स्वच्छ औषध गढूळ दिसल्यास अथवा त्यात गुठळ्या आढळल्यास कुपी टाकून द्यावी.

वापरलेल्या सुया उकिरड्यात टाकू नयेत. खत भरताना त्या हातापायांत घुसतात आणि खताबरोबर शेतात जातात. जाड प्लास्टिकच्या झाकणबंद डब्यात त्या साठवून दवाखान्यात किंवा आरोग्य उपकेंद्रात विचारून सुपूर्द कराव्यात.

साखर एकाएकी उतरल्यास

मांजर अशक्त होऊन झोकांड्या खाऊ लागले, थरथरू लागले, शून्य नजरेने पाहू लागले किंवा त्याला झटके आले, तर साखर उतरली असे समजावे. शुद्धीत असल्यास लगेच खाणे द्यावे. खात नसल्यास मध, ग्लुकोज किंवा साखरेचा घट्ट पाक बोटाने हिरड्यांवर चोळावा. बेशुद्ध मांजराच्या तोंडात पाणी किंवा पाक ओतू नये; तो श्वासनलिकेत जातो. झटके चालू असताना तोंडात बोट घालू नये. सावध झाल्यावर खाण्यास द्यावे आणि ताबडतोब दवाखान्यात न्यावे. पुढील इन्सुलिन पशुवैद्यकाला विचारल्याशिवाय देऊ नये. मधाची लहान बाटली इन्सुलिनच्या डब्याशेजारीच ठेवावी, म्हणजे आणीबाणीच्या वेळी शोधाशोध होत नाही.

याच्या उलट, मधुमेही मांजराने अन्न सोडले, वारंवार ओकाऱ्या केल्या, ते निपचित पडले व श्वासाला विचित्र वास येऊ लागला, तर शरीरात कीटोन नावाची विषारी द्रव्ये साचत असण्याचा संभव असतो. अशा वेळी घरगुती उपाय करीत बसू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

नोंद आणि देखरेख

भिंतीवरील दिनदर्शिकेवर रोज चार गोष्टी लिहाव्यात : खाणे किती खाल्ले, पाणी किती प्याले, इन्सुलिन किती वाजता व किती दिले आणि ते कोणी दिले. शेवटची नोंद विशेष महत्त्वाची आहे. सुनेने टोचलेले मुलाला ठाऊक नसले की दुसऱ्यांदा टोचले जाते. आठवड्यातून एकदा वजन करावे. मांजर काट्यावर स्थिर बसत नाही. म्हणून त्याला उचलून आपले वजन करावे आणि त्यातून आपले एकट्याचे वजन वजा करावे. कानाच्या कडेवरील रक्ताच्या थेंबाने घरीच साखर पाहता येते. मात्र माणसासाठी बनविलेले यंत्र मांजराची साखर बहुधा प्रत्यक्षाहून कमी दाखविते, म्हणून त्या आकड्यावरून मात्रा स्वतः बदलू नये. आकडे लिहून पशुवैद्यकाला दाखवावेत.

कारले, जांभळाच्या बियांची पूड किंवा मेथी यांवर विसंबून इन्सुलिन थांबविणे घातक आहे. मधुमेहाच्या माणसांसाठी असलेल्या गोळ्याही आपल्या मनाने देऊ नयेत. काही मांजरांकरिता तोंडाने देण्याची नवी औषधे निघाली असून अमेरिकेत त्यांपैकी पहिल्यास 2022 च्या डिसेंबरमध्ये मान्यता मिळाली. तथापि कीटोनचा धोका त्यांतही असतो व ती प्रत्येक मांजराला चालत नाहीत.

निर्णय विचारपूर्वक घ्यावा

रोज दोन वेळा टोचणे, वेगळा आहार आणि दवाखान्याच्या फेऱ्या यांना वेळ व पैसा लागतो, हे लपवून उपयोग नाही. सुगीच्या दिवसांत हे कोण करील, याचा विचार घरातील सर्वांनी एकत्र बसून करावा आणि अडचण पशुवैद्यकाला मोकळेपणाने सांगावी. उपचार अर्धवट करण्यापेक्षा जमेल तेवढाच मार्ग त्यांच्या सल्ल्याने ठरविणे चांगले. दुसऱ्या बाजूस ही आशाही आहे की, लवकर निदान, योग्य आहार आणि नियमित इन्सुलिन यांचा मेळ बसल्यास बऱ्याच मांजरांना काही आठवड्यांनी वा महिन्यांनी इन्सुलिनची गरज उरत नाही. आजार पुन्हा उलटू शकतो, म्हणून आहार व नोंद पुढेही चालू ठेवावी लागते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी गोठ्यातील जनावरांची चौकशी करताना घरच्या मांजराबद्दलही एक प्रश्न विचारावा : "पाणी जास्त पितं का?" हौदावर दिवसभर बसणाऱ्या बोक्याचा आजार या एका प्रश्नाने वेळीच उघडकीस येतो, आणि कणगीचा राखणदार पुन्हा आपल्या कामावर रुजू होण्याची वाट मोकळी होते.