मान टाकणारी बास

मागच्या भागाच्या शेवटी एका श्रोत्याचा प्रश्न आला होता. वेळ संपत आली होती, म्हणून दोन वाक्यांत आटोपलं. उरलेलं इथे लिहितेय.

प्रश्न असा होता: सेकंडहँड दुकानात एक गिब्सन थंडरबर्ड बास दिसली आहे. बँडमधला ड्रमर म्हणतो, शहाण्यासारखी फेंडर घे, ही तर ट्रकखाली आल्यासारखी दिसते. पण आकार डोक्यातून जात नाही. निव्वळ दिसायला आवडली म्हणून बास घेणं मूर्खपणा आहे का?

माझं उत्तर: नाही. पण त्या दिसण्याची किंमत कुठे मोजावी लागते ते आधी समजून घ्या. ती कानाला फार मोजावी लागत नाही. खांद्याला आणि डाव्या हाताला लागते.

आधी आकार. नेहमीची बास डोळ्यांसमोर आणा: बॉडीला दोन शिंगं, त्यातलं वरचं, म्हणजे तुमच्या हनुवटीकडचं, लांब आणि खालचं आखूड. थंडरबर्डमध्ये हे उलट आहे. खालचं शिंग पुढे झेपावलेलं, वरचं मागे राहिलेलं. नेहमीची बास आरशात बघावी तशी. मधोमध हेडस्टॉकपासून थेट बॉडीच्या टोकापर्यंत एकच लांब पट्टी जाते, तीच मान आणि तोच कणा, आणि दोन्ही बाजूंना महोगनीचे पंख चिकटवलेले. मधली पट्टी पंखांपेक्षा जराशी उंच ठेवलेली असते, त्यामुळे गाडीच्या बॉनेटवर असते तशी एक घडी दिसते.

गाडी मी उगाच आणली नाही. हा आकार काढणारे रे डीट्रिश हे मुळात गाड्यांचे डिझायनर. 1920 मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या लबॅरन या कोचबिल्डर कंपनीचे ते एक संस्थापक. ज्या काळात श्रीमंत लोक गाडीची चेसिस एकीकडून घ्यायचे आणि वरची बॉडी शिंप्याकडून कपडे शिवावेत तशी बनवून घ्यायचे, त्या काळातला हा माणूस. निवृत्तीनंतर ते मिशिगनमधल्या कालामाझूला राहत होते, आणि गिब्सनचा कारखाना तिथेच होता. कंपनीचे प्रमुख टेड मॅकार्टी यांनी त्यांना विचारलं, आणि 1963 मध्ये फायरबर्ड गिटार आणि तिची बहीण थंडरबर्ड बास बाजारात आली. एक पिकअपवाली थंडरबर्ड टू आणि दोन पिकअपवाली थंडरबर्ड फोर. (का ते मला विचारू नका.)

आता ड्रमरचा मुद्दा: आकार विचित्र, म्हणजे आवाजही विचित्र असणार. तंबोऱ्याच्या बाबतीत हे खरं ठरलं असतं. मिरजेच्या कारागिराला विचारा, भोपळा बदलला की तंबोरा बदलतो. तिथे तार आपलं कंपन पोकळ भोपळ्याला देते आणि ऐकू येतो तो त्या भोपळ्यातून बाहेर पडलेला आवाज. इलेक्ट्रिक बासची बॉडी भरीव असते आणि हवेशी तिचा संबंध जवळजवळ नसतो. तारेखाली चुंबक आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं असलेला पिकअप असतो. त्याला कळते ती फक्त स्वतःच्या डोक्यावरच्या तारेची हालचाल.

म्हणून पिकअप *कुठे* बसवलाय याला फार महत्त्व. मोकळी तार एकाच वेळी अनेक प्रकारे थरथरते: पूर्ण लांबीत, दोन भागांत, तीन भागांत, चार भागांत. ब्रिजपासून बरोबर पाव अंतरावर पिकअप ठेवला, तर चार भागांतल्या थरथरीचा तिथे स्थिर बिंदू येतो आणि तो सूर त्या पिकअपला जवळपास ऐकूच येत नाही. थंडरबर्डचा जाडसर, मधल्या सुरांत गुरगुरणारा आवाज येतो तो मुख्यतः तिच्या धातूच्या टोपणाखालच्या हंबकर पिकअपमुळे आणि त्यांच्या जागेमुळे. शिंग कुठल्या बाजूला लांब आहे याचा त्यात हात नगण्य.

बांधणीचा आवाजाशी काहीच संबंध नाही असं मात्र समजू नका. मान लाकडाची असते, तीही हलते, आणि एखादा सूर नेमका मानेच्या स्वतःच्या कंपनाशी जुळला तर मान त्या तारेची ऊर्जा खाऊन टाकते. मग तो सूर लवकर विझतो. फेंडरवाल्यांनी जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास वाजवून बघा, बऱ्याच बासमध्ये अशी एक मेलेली जागा सापडेल. दिवसा पोटापाण्यासाठी मी कंपनंच मोजते, त्यामुळे या विषयावर मी कितीही वेळ बोलू शकते. थांबते.

मग शिंगांचं काम काय? पट्टा अडकवायचं बटण धरून ठेवणं.

1951 मध्ये लिओ फेंडरने प्रिसिजन बास आणली तेव्हा तिची लांब शिंगंही विचित्रच होती. पण ती हौसेखातर आलेली नव्हती. बासची तार लांब, प्रिसिजनवर 34 इंच म्हणजे सुमारे 86 सेंमी. त्यामुळे मान लांब, आणि तिच्या टोकाला चार जाडजूड खुंट्या. वजन डावीकडे ओढतं. आता खांद्यावरची कावड आठवा. दोन्हीकडचं ओझं सारखं नसेल तर जड बाजूकडे सरकून खांदा द्यावा लागतो, नाहीतर ती बाजू खाली जाते. गिटारमध्ये खांदा सरकवता येत नाही, म्हणून फेंडरने बटणच जड बाजूकडे नेलं. वरचं शिंग 12 व्या फ्रेटच्या आसपास पोहोचेल इतकं लांब केलं आणि त्याच्या टोकावर बटण बसवलं. गिटारचा गुरुत्वमध्य दोन बटणांच्या मध्ये आरामात आला. उभं राहून हात सोडले तरी बास जागच्या जागी.

डीट्रिशनी वरचं शिंग आखूड केलं. त्याबरोबर बटण मागे गेलं. नंतरच्या बऱ्याच थंडरबर्डवर तर ते मानेच्या मुळाशी, पाठच्या बाजूला असतं. समजा ते 16 व्या फ्रेटशी आलं. 34 इंची तारेवर 12 वा फ्रेट आणि 16 वा फ्रेट यांत जवळपास 9 सेंमी अंतर असतं. याचे दोन परिणाम होतात. एक, गुरुत्वमध्य पुढच्या बटणाच्या जवळ किंवा त्याही पुढे जातो आणि हात सोडला की मान जमिनीकडे झुकते. इंग्रजीत याला नेक डाइव्ह म्हणतात. आपल्याकडे मान टाकणं हा शब्दप्रयोग तयारच आहे. दोन, बटण तुमच्या छातीशी तिथेच राहतं, म्हणून पूर्ण गिटार डावीकडे सरकते आणि पहिला फ्रेट तेवढाच दूर जातो. आखूड हातांना हे तासाभरात कळतं. डावा हात सूर दाबायचं सोडून मान उचलायला लागतो, अंगठा ताठ होतो, मनगट दुखतं.

फेंडरइतकी ही बास कधीच चालली नाही. 1965 मध्ये गिब्सनने शिंगं पुन्हा सरळ केली, एकसंध कण्याऐवजी मान बॉडीला चिकटवायला सुरुवात केली, आणि 1969 पर्यंत तेही थांबलं. 1976 मध्ये, अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं झाली तेव्हा, परत आणली ती मात्र उलट्या शिंगांची. म्हणजे सोयीची आवृत्ती विस्मरणात गेली आणि गैरसोयीची टिकली. मला यातच सगळी गंमत वाटते.

कारण विचित्र हा शब्द आपण आकाराला लावतो, पण तो बहुतेक वेळा सवयीबद्दल असतो. व्हायोलिनच्या आकाराची हॉफनर बास पॉल मॅकार्टनीने 1961 च्या सुमारास हँबुर्गमध्ये घेतली. तो डावखुरा. बॉडी दोन्हीकडून सारखी असल्यामुळे उलटी धरली तरी ती वेडगळ दिसत नाही, हे त्यामागचं एक कारण त्याने स्वतः सांगितलंय. आज त्या बासला कोणी विचित्र म्हणत नाही, बीटल्सची बास म्हणतात. थंडरबर्डला इतका मोठा आश्रयदाता मिळाला नाही, पण जे मिळाले ते पक्के होते: विशबोन अॅशचा मार्टिन टर्नर, मॉटली क्रूचा निक्की सिक्स, अलीकडे किंग्ज ऑफ लिऑनचा जॅरेड फॉलोविल. आणि द हूचा जॉन एंटविसल. त्याने थंडरबर्डच्या बॉडीला फेंडरची मान लावून घेतली, त्या बासना फेंडरबर्ड म्हणतात. आकार सोडवेना, म्हणून बाकीचं बदललं. प्रश्न विचारणाऱ्या श्रोत्याला हा माणूस समजला असता.

बँडमध्ये बासकडे तसंही कोण बघतं? ती बंद पडली तरच लोकांच्या लक्षात येतं. अशा वाद्यासाठी कोणीतरी आरामशीर निवृत्तीतून उठून गाडीच्या पंखासारखी रेघ ओढतो, आणि साठ वर्षांनंतर तुम्ही ती रेघ दुकानात बघून घरी जाऊन झोपत नाही. वाजवावंसं वाटायला हे कारण पुरेसं आहे. जी बास भिंतीवरून खुणावते ती रोज हातात घेतली जाते. शहाणपणाने घेतलेली बऱ्याचदा खोक्यातच राहते.

तेव्हा दुकानात जा, पण बसून वाजवू नका. बसल्यावर सगळ्या बास सज्जन असतात. पट्टा मागून घ्या, वीस मिनिटं उभ्याने वाजवा, मग दोन्ही हात सोडा आणि काय होतं ते बघा. थोडी झुकत असेल तर आतून खरखरीत चामड्याचा रुंद पट्टा शर्टवर घट्ट बसतो आणि बरंच सावरून घेतो. त्याने भागलं नाही तर हलक्या खुंट्या मिळतात. पुढच्या बटणापासून खुंट्या साठेक सेंमी लांब असतात, त्यामुळे तिथे वाचवलेला प्रत्येक ग्रॅम भरपूर कामाचा. बटणाची जागा बदलणं शेवटचा उपाय, आणि तो स्वतः ड्रिल घेऊन करू नका.

मग बास उलटी करून हेडस्टॉक जिथे मागे कलतो ती जागा उजेडात नीट बघा. तिथे लाकडाचे रेषे तिरपे कापले जातात आणि आतली लोखंडी सळी बसवायला खाचही असते, म्हणून गिब्सनच्या माना पडल्या की नेमक्या तिथेच तुटतात. चार तारांचा मिळून ताण पाऊणशे किलोच्या आसपास असतो, तो सगळा त्या वळणावर. बारीक केसाएवढी भेग किंवा रंगात फरक दिसला तर दुरुस्ती झाली आहे का, कोणी केली, ते विचारा. चांगली चिकटवलेली मान वर्षानुवर्षं टिकते आणि किंमत मात्र चांगली उतरते, तेव्हा तिथे घासाघीस करायला लाजू नका.

आणि घेतलीत तर त्याच दिवशी स्टँडही घ्या. अँपला टेकवून ठेवायची ही बास नाही.